चादरीत बांधलेला गाळ

जे आता लिहितोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मंगळवेढ्यात दिलेल्या बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या आईला तर नाहीच नाही. आमच्या शेतात वरच्या अंगाला वडिलांची म्हणून जी समाधी आहे, तिच्यात वडील नाहीत. एका चादरीत बांधलेला ओढ्याचा गाळ आहे. तो मीच भरला, मीच पुरला आणि वर दगड रचून दिवा लावला.

गावात माझी ख्याती याच्या बरोबर उलट आहे. पुरातून बापाला उचलून आणणारा लेक म्हणून माझं नाव घेतात. लग्नकार्यात गेलो की म्हातारी माणसं मला जवळ बसवून घेतात. मी बसतो. चहा दिला की पितो.

आमचं गाव मैंदर्गीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कन्नड, पारावर मराठी, आणि भांडण झालं की दोन्ही. आईला आम्ही अव्वा म्हणतो, वडिलांना अप्पा म्हणायचो. मी शिकून सोलापूरला नोकरीला लागलो, सात रस्ता चौकाजवळच्या एका खाजगी कंपनीच्या ऑफिसात. तिथंच संसार झाला. अप्पा गेल्यावर शेत वाट्यानं दिलं. अव्वा मात्र गाव सोडायला तयार नव्हती. कारण विचारलं की म्हणायची, "माणूस हितं बसलाय माझा. त्याला सोडून कुटं येऊ?"

बसलाय, हा शब्द तिनं उगाच वापरलेला नाही. आम्ही लिंगायत. आमच्याकडं माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, भस्म, बेल, मीठ घालून खड्डा भरतात. अप्पांना ओढ्याकाठी चिंचेखाली बसवलं होतं. ती जागा त्यांनीच दाखवून ठेवली होती. दुपारची भाकरी ते तिथंच खायचे. बसवताना एक अडचण आली होती. जायच्या काही वर्षं आधी अक्कलकोट रस्त्यावर मोटारसायकल घसरून त्यांची मांडी मोडली होती. सोलापूरला ऑपरेशन झालं, गुडघ्याच्या वर स्टीलची पट्टी आणि स्क्रू घातले. तेव्हापासून तो पाय पुरता दुमडत नव्हता. खड्ड्यात बसवताना मांडी जमेना. लोक जोर करायला लागले तसे आमचे जंगम स्वामी म्हणाले, "असू दे रे. घरात जसा बसायचा तसाच बसू दे." मग एक गुडघा थोडा वर राहिला, तसंच त्यांना मातीआड केलं. अव्वाच्या मनात तो पाय राहून गेला. "दुखत असंल का रे?" असं ती मध्येच विचारायची. मी हसण्यावारी न्यायचो.

मग त्या वर्षीचा परतीचा पाऊस आला. आमच्याकडं तसा पाऊस म्हणजे पाहुणा. त्या वर्षी मात्र मुक्कामाला आल्यासारखा बसला. ओढ्याला एवढं पाणी म्हाताऱ्यांनीसुद्धा बघितलेलं नव्हतं. वाटेकऱ्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "साहेब, ओढा आन् नदी एक झालीया. अव्वांना उचलून शाळंत नेऊन बसवलंय. लई शिव्या घालत्यात मला, पर ठीक हायती." मी विचारलं, शिव्या कशासाठी? तो म्हणाला, "मला न्हाय, माझ्या नवऱ्याला उचला म्हणत्यात."

पाणी ओसरल्यावर मी निघालो. गावाअलीकडचा पूल खचलेला, म्हणून गाडी तिथंच लावून चालत गेलो. पूर टीव्हीवर दिसतो तो पाण्याचा. पाणी गेल्यावरचं कुणी दाखवत नाही. विजेच्या तारांवर कडबा लोंबत होता. भिजलेल्या तुरीच्या पोत्यांना मोड आले होते आणि त्यांना आंबल्यासारखा वास सुटला होता. बाया गाळात बसून गढूळ पाण्यानंच भांडी घासत होत्या. घासून झालेलं भांडं आणि न घासलेलं भांडं यात फरक दिसत नव्हता, तरी घासत होत्या. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सोलापूरहून चादरी आणि बिस्किटं घेऊन एक टेम्पो आला होता, त्याच्यावरचा पोरगा मात्र मोबाइलवर गाणी लावून उभा होता. त्याला कुणीतरी हळूच गाणं बंद करायला सांगितलं.

अव्वा शाळेच्या वर्गात भिंतीला टेकून बसली होती. वर पाढ्यांचा तक्ता. टेम्पोतून आलेली एक चादर तिला मिळाली होती, नवीकोरी, घडीसुद्धा न मोडलेली. घरचं सगळं अंथरूण-पांघरूण भिजलेलं होतं. मला बघून तिनं बरं-वाईट काही विचारलं नाही. चादर माझ्या हातात दिली.

"चिंच पडली म्हणं," ती म्हणाली. "बघून ये. उघडं पडलं असतील तर यात घेऊन वर आण. वरच्या बांधाला बसव."

"अगं, चादर तुला दिलीय ती."

"मला काय धाड भरलीया? तू जा."

वाटेकरी रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आला. माझ्या पायात ऑफिसचे बूट होते, चिखलात रुतून प्रत्येक पावलाला सुटत होते. तो म्हणाला, "बूट काढा की साहेब. ओढ्याला काय तुमचा हुद्दा कळतोय व्हय?" मी बूट काढून हातात घेतले. त्याची म्हैस कुठल्या तरी बाभळीला अडकलेली सापडली होती, जिवंत, म्हणून तो तिकडं वळला. पुढं मी एकटा गेलो.

शेत ओळखू येत नव्हतं. काळी माती सगळी खरडून गेलेली, खालचा मुरूम उघडा पडलेला, जखमेवरची खपली काढावी तसा. चिंच आडवी. तिच्या मुळ्या आभाळाकडं. आणि ओढ्यानं काठ उभा कापून नेला होता, माझ्या छातीएवढा उंच. त्या कापलेल्या दरडीत अप्पा बसले होते.

कसं लिहावं कळत नाही. घाबरवायचं नाहीये मला कुणाला. माती अर्धी गेलेली, अर्धी त्यांच्या पाठीशी तशीच. एका बाजूनं दिसत होते. दुसऱ्या कुणाची हाडं असतील असं म्हणायची सोय नव्हती, कारण वर राहिलेल्या गुडघ्यापाशी ती पट्टी होती. इतक्या वर्षांत तिला गंज चढला नव्हता. ढगातून थोडं ऊन आलं आणि ती चकाकली.

मला हात लांब करायचा होता, बस. दरड भुसभुशीत होती, हातानं निघाली असती. चादर खांद्यावर होती. अव्वानं काय करायचं ते सांगितलेलं होतं. मी उभा राहिलो. हातातले बूट खाली ठेवले, पुन्हा उचलले. मग मनाशी म्हणालो, असा कसा हात लावायचा, स्वामींना आणून रीतसर काढलं पाहिजे. आणि एकदा ही रीत सापडल्यावर मला बरं वाटलं. दक्षिणेकडं आभाळ काळं झालं होतं, ते मी पाहिलं. न पाहिल्यासारखं केलं नाही. पाहिलं, आणि तरी मागं फिरलो.

रीत वगैरे काही नव्हती. ही गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. आमच्यात मेल्या माणसाचा विटाळ मानत नाहीत, सुतक पाळत नाहीत. लहानपणापासून घरात हेच ऐकलेलं. हात लावू नये, अमक्याला आणावं, तमकं करावं, हे मी शहरात, शेजारपाजाऱ्यांच्या घरात बघितलेलं होतं, आणि त्या घडीला ते उसनं आणून माझ्यापुढं आडोशासारखं धरलं. मी भ्यालो होतो. ज्या माणसाच्या मांडीवर बसून मी भाकरी खाल्ली, त्याच्या मांडीच्या हाडाला मी भ्यालो.

शाळेत परत आलो तर अव्वानं आधी माझ्या खांद्याकडं बघितलं. घडी तशीच होती.

"न्हाईत तिथं?"

"आहेत. उघडे पडलेत. उद्या स्वामींना घेऊन काढतो."

"स्वामी कशाला? बाप तुझा हाय की."

"तसं बरं दिसत नाही, अव्वा."

"कुणाला बरं दिसत न्हाय?" मग ती माझ्याकडं बघत राहिली. "भ्यालास व्हय, तम्मा?"

तम्मा म्हणजे धाकला. फार माया आली की ती मला तसं म्हणते. मी म्हणालो, "भ्यायला काय झालं? अंधार पडायला लागला." खरं तर अंधाराला अजून वेळ होता. तिनं वाद घातला नाही. मी चादर तिच्यापुढं धरली तर म्हणाली, "तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे. उजाडताच जा." त्या रात्री पुन्हा पाऊस झाला आणि ती तशीच, पदर अंगाभोवती घेऊन झोपली.

सकाळी स्वामींची वाट न बघता मी कुणाचं तरी फावडं घेऊन गेलो. दरड नव्हती. जिथं ती होती तिथून बैलगाडीच्या रस्त्याइतका काठ आत आला होता. खाली ओढा वाहत होता, तांबडा, जाड, काही झालंच नाही अशा चालीनं. मी उतरलो, काठाकाठानं चालत गेलो. बाभळीत अडकलेले पत्रे दिसले, कुणाचं तरी दार दिसलं, एक मेलेली शेळी दिसली. पांढरं काही दिसलं की धावत जायचो, तर मुरमाचा दगड असायचा. ऊन पडलं होतं. कुठं काही चकाकतंय का बघत होतो, आणि सगळीकडंच चकाकत होतं, कारण सगळीकडं पाणी होतं.

किती वेळ शोधलं माहीत नाही. पुरेसं नाही, एवढं माहीत आहे.

वर आलो तेव्हा लांब रस्त्यावर वाटेकरी दिसला. त्यानं हात वर केला आणि ओरडला, "घावलं का?" घावले नाहीत, असं ओरडून सांगायला काय लागतं? मी पाठमोरा झालो. चादर उलगडली, ओढ्याकाठचा गाळ फावड्यानं तिच्यात ओढला आणि चारी टोकं बांधली. पहिल्यांदा गाठोडं फार हलकं झालं असं वाटलं, म्हणून सोडून आणखी गाळ घातला. माणसाच्या अस्थींचं गाठोडं किती जड असतं याचा हिशेब मी तिथं उभा राहून केला. लांबून बघणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. मग ते छातीशी धरून, जपून चालत वर आणलं. जपून चाललो ते नाटक होतं.

वाटेकरी मदतीला यायला निघाला तर मी त्याला तिथूनच थांबवलं. "नको, मी करतो." तो तिथंच टोपी काढून उभा राहिला. वरच्या बांधाला मी खड्डा खणला, गाठोडं ठेवलं, माती लोटली. तेवढ्यात तो गावात पोचलासुद्धा होता. मी शाळेत गेलो तर बायका उठून उभ्या राहिल्या.

अव्वानं माझे हात हातात घेतले. नखांत चिखल होता. तिनं विचारलं, "त्या पायाला जपलास न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

खोटं तिथं पुरं झालं. आधीचं सगळं कदाचित भीतीत मोडलं असतं. हे नाही.

स्वामी दोन-चार दिवसांनी, वाट मोकळी झाल्यावर आले. त्यांनी बेल, भस्म आणलं होतं. पूजा करताना विचारलं, "लिंग घावलं का रे?" मी म्हणालो घावलं, हातावर ठेवलं. ते खूश झाले. सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आम्ही लोकांना सांगतो नुसतं, विटाळ मानू नका म्हणून. यानं करून दाखवलं." आणि वाटेकरी पुढं होऊन सांगायला लागला की साहेबांनी कसं एकट्यानं काढलं, कसं लेकरू आणावं तसं उराशी धरून आणलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला जे दिसलं तेच तो सांगत होता.

पुरानं घेतलेलं हळूहळू भरून निघालं. तळ्यातला गाळ आणून लोकांनी शेतं भरली, आम्हीही भरलं. पूल झाला. माझं मात्र काहीतरी तिथंच अडकून राहिलं. सोलापुरात माझ्या ऑफिसच्या वाटेवर डॉक्टरी सामानाचं एक दुकान आहे. त्याच्या काचेत हाडांना लावायच्या पट्ट्या मांडलेल्या असतात, लहानमोठ्या, ओळीनं. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जातो. एकदा बायको बरोबर होती, म्हणाली, सावली इकडं आहे, तुम्ही उन्हात कुठं निघालात? मी काहीतरी थाप मारली. पाऊस लागला की मला झोप येत नाही असं घरात सगळ्यांना माहीत आहे. पुराचं मनावर घेतलंय, असं ते समजतात. पोरं तर लाडानं वागतात माझ्याशी. बाहेर पाऊस, आणि डोळे मिटले की अप्पा बसलेले दिसतात. रागावलेले नसतात. नुसते वाट बघत असल्यासारखे, दुपारी भाकरी यायची वाट बघायचे तसे.

दोन वर्षांपूर्वी अव्वा घरात पडली आणि मग तिला सोलापूरला आणावंच लागलं. तिची एकच अट होती, अमावास्येला गावी न्यायचं. मी नेतो. ती बेल वाहते, नैवेद्य ठेवते आणि त्या दगडांशी बोलत बसते. घरातलं सगळं सांगते. कुणाचा पगार, कुणाचं बाळंतपण, दुधात पाणी घालणारा गवळी. मी जरा लांब, चिंचेच्या बुंध्याचा जो तुकडा वाटेकऱ्यानं ओढून आणून ठेवलाय, त्याच्यावर बसतो.

मागच्या अमावास्येला मी ठरवून गेलो होतो. आता तिला चालवत नाही. वाटेकऱ्यानं तिला खुर्चीसकट बांधावर नेऊन ठेवलं. तिचं बोलून झालं तसं मी जवळ गेलो. म्हणालो, "अव्वा, एक सांगायचंय."

"थांब, आदी माझं ऐक." तिनं काठीनं समाधीच्या डाव्या बाजूला जमिनीवर रेघ ओढली. "मला हितं बसवायचं. डावीकडं. ध्येनात ठेव, उजवीकडं न्हाय."

वाटेकरी म्हणाला, "उजवीकडं का नगं, अव्वा? तितं सावली हाय की."

"त्येला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. सगळं दोनदा सांगत बसू व्हय?"

वाटेकरी खो खो हसला. तीही हसली, तोंडात दात नसताना हसतात तसं, सगळा चेहरा गोळा करून. मग मला म्हणाली, "तू काय म्हणत व्हतास?"

ऊन चांगलं होतं. लांब कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता. तिचा चेहरा इतका मोकळा मी किती वर्षांत बघितला नव्हता.

"काही नाही," मी म्हणालो. "औषधाची वेळ झाली."

तिनं रेघ ओढली होती तिथं वाटेकऱ्यानं खूण म्हणून एक धोंडा ठेवला. मीच त्याला तो उचलू लागलो.

आता डॉक्टर म्हणतात, फार दिवस धरून चालू नका. बहीण मंगळवेढ्याहून येऊन राहिली आहे. ती अव्वाचे पाय चेपत असते आणि मध्येच म्हणते, "तुझ्यामुळं बरं झालं हं. निदान दोघं जवळ तरी राहतील." मी ऐकून घेतो. कुणी म्हणेल, म्हातारीला आता कशाला दुखवायचं, जाऊ दे समाधानानं. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण मी तेव्हा काठावरनं परत फिरलो ते असंच, दुसऱ्याचं भलं दिसेल असं कारण पुढं करून. समाधान तिचं आहे, असं मी म्हणतो. खरं तर सोय माझी आहे. ती ज्याच्याशेजारी बसायला निघालीय, तिथं कुणी नाही. कुठं बसायचं, हे तिनं ठरवायचं आहे. कदाचित ती म्हणेल, मला ओढ्यावर न्या. कदाचित माझं तोंड बघणार नाही. तो तिचा हक्क आहे, आणि तो मी दाबून बसलोय.

ती आता शेजारच्या खोलीत जागी आहे. बहिणीला विचारतेय, चहा झाला का म्हणून.

अप्पांना त्या दिवशी उचलायचं होतं, मी उचललं नाही. ते देणं आता कुणालाच फेडता येणार नाही. अव्वाचं देणं अजून फेडता येण्यासारखं आहे. तिला मला एवढंच सांगायचं आहे, तिच्या शुद्धीत, तिच्या तोंडावर: अप्पा तिथं नाहीत, मी त्यांना आणलं नाही. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.